यंत्राला जात नसते, परीक्षकाला असते

नीटचा निकाल लागला की मनामा आणि मुहर्रकमधील आमच्या घरांतून काही आठवडे एकच विषय चर्चिला जातो. मुलाला अथवा मुलीला डॉक्टर करावयाचे, निदान दंतवैद्य तरी; मग प्रवेश कोठे घ्यावयाचा? २०२२ साली या परीक्षेचे केंद्र खुद्द मनामात झाले आणि या चर्चेला अधिकच ऊत आला. निकालापाठोपाठ अभिमत विद्यापीठांची गुळगुळीत माहितीपत्रके घरोघर फिरू लागतात. आभासी शवविच्छेदनाचे टेबल, सिम्युलेशन लॅब, दात कोरण्याचा सराव करून घेणारे संगणकयंत्र, भिंतभर पडदा असलेला डिजिटल वर्ग अशी रंगीत छायाचित्रे त्यांत असतात. ती पाहून आमच्यातील चांगली शिकलीसवरलेली मंडळी म्हणतात की, आता काळ बदलला. यंत्राला जात नसते. या नव्या अध्यापनपद्धतीने आपल्या मुलांवरील अन्याय आपोआप संपेल.

हे मत आम्हांस मान्य नाही. ते का मान्य नाही, हे आम्ही येथे स्पष्ट शब्दांत मांडणार आहोत.

प्रथमच सांगितले पाहिजे की आम्ही यंत्राचे विरोधक नाही. दंतवैद्यकाचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षापर्यंत खऱ्या रोग्याच्या तोंडात हात घालीत नाही. 'फँटम हेड' नावाच्या कृत्रिम मुंडक्यात बसविलेल्या प्लॅस्टिकच्या दातांवर तो कोरणे आणि भरणे शिकतो. आता त्याही पुढे जाऊन संगणकाला जोडलेली अशी यंत्रे आली आहेत की ड्रिल धरलेल्या बोटांना कठीण कवच आणि आतील मऊ कीड यांतील फरक जाणवतो, आणि हात किती चुकला हे पडद्यावर तत्काळ दिसते. यात वाईट काय आहे? उलट आम्ही तर असे म्हणू की या यंत्रांचे स्वागत सर्वांत आधी आमच्या समाजाने केले पाहिजे. नवशिक्या हाताची पहिली चूक आजवर कोणी सोसली? पैसे मोजून खासगी दवाखान्यात जाणाऱ्या शेठजीने नव्हे. सरकारी रुग्णालयाच्या सामान्य विभागात रांगेत उभा राहणारा जो शेतमजूर, सफाई कामगार, बिगारी, त्याचेच शरीर पिढ्यानपिढ्या भावी डॉक्टरांची पाटी-पेन्सिल झाले होते. ती पाटी प्लॅस्टिकची झाली, तर आम्हांस आनंदच आहे.

परंतु शिक्षणातील नावीन्य म्हणजे केवळ यंत्र, हा समज मात्र खोटा आहे. आणि तो खोटा ठरविणारा पुरावा आमच्या या छोट्या बेटावरच उभा आहे. अरेबियन गल्फ विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे अध्यापन १९८२ साली सुरू झाले. त्या काळी कोणाच्या टेबलावर संगणक नव्हता. तरीही या महाविद्यालयाने कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ पासून रुजविलेली समस्याधिष्ठित अध्यापनाची पद्धत प्रारंभापासूनच स्वीकारली. या पद्धतीत शंभर मुलांना समोर बसवून तासभर व्याख्यान झोडले जात नाही. आठ-दहा विद्यार्थ्यांचा गट बसतो. त्यांच्यापुढे एका रोग्याची हकीकत ठेवली जाते. याला धाप का लागते? याचे पाय का सुजले? काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, हे विद्यार्थी आपसांत ठरवितात, ग्रंथालयात जाऊन शोधतात आणि पुन्हा एकत्र येऊन पडताळून पाहतात. शिक्षक उत्तर देत नाही. वाट चुकली तर प्रश्न विचारतो.

युगप्रवर्तक डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ज्यांच्या वर्गात बसले, त्या प्राध्यापक जॉन ड्यूई यांचा कृतीतून शिकण्याचा विचार आणि ही पद्धत यांचे नाते जवळचे आहे. आणि आम्हां बौद्धांना तर तिचे मूळ आणखी मागे दिसते. विनयपिटकातील जीवकाची कथा आमच्या घराघरांत ठाऊक आहे. राजगृहाच्या उकिरड्यावर टाकून दिलेले ते मूल पुढे तक्षशिलेला वैद्यक शिकावयास गेले. सात वर्षे झाल्यावर आचार्याने परीक्षा घेतली ती अशी, की तक्षशिलेभोवती योजनभर फिरून औषधी नसलेली एक तरी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हातांनी परतला आणि उत्तीर्ण झाला. त्या परीक्षेत त्याला त्याच्या बापाचे नाव विचारल्याचा उल्लेख नाही.

आता मायदेशाकडे पाहू. भारतात २०१९ च्या तुकडीपासून एम.बी.बी.एस.साठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात कौशल्य प्रयोगशाळा आली, पहिल्या वर्षापासून रुग्णसंपर्क आला, रोग्याशी कसे बोलावे आणि वैद्यकीय नीती कशी पाळावी याचेही धडे आले. दंतवैद्यकासाठी २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. हे सारे चांगलेच झाले. पण या नव्या इमारतीत एक जुनी कोठडी तशीच राखून ठेवली आहे, आणि तिचे नाव मौखिक परीक्षा!

बंद दार, टेबलापलीकडे दोन-तीन परीक्षक, अलीकडे एकटा विद्यार्थी. नाव काय? आडनाव काय? गाव कोणते? वडील काय करतात? नीटला कितवा क्रमांक होता? या पाच प्रश्नांत शरीरशास्त्राचा एकही प्रश्न नाही. परंतु बऱ्याचदा निकाल तेथेच लागलेला असतो. हा आमच्या मनाचा खेळ नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. परीक्षक प्रत्यक्षपणे वा आडवळणाने जात विचारतात, अशी साक्ष अनुसूचित जाती-जमातींच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी समितीपुढे दिली. देशातील सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेतील ही स्थिती. मग इतरत्र काय असेल?

यावर उपाय नाही असे नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली एक परीक्षापद्धती जगापुढे मांडली. तिला 'ऑस्की' या संक्षिप्त नावाने ओळखतात. ओळीने टेबले मांडलेली असतात. एका टेबलावर रक्तदाब मोजावयाचा, दुसऱ्यावर क्ष-किरण चित्र वाचावयाचे, तिसऱ्यावर रोग्याला वाईट बातमी सांगावयाची. प्रत्येक टेबलाला ठरावीक मिनिटे; घंटा वाजली की पुढे सरकावयाचे. प्रत्येक विद्यार्थ्यास तीच कामे, आणि परीक्षकाच्या हाती छापील यादी: हात धुतले का, रोग्याची संमती घेतली का, पट्टा योग्य जागी बांधला का. केले असेल तर गुण, नसेल तर नाही. येथेही परीक्षकाला चेहरा दिसतोच, हे आम्ही जाणतो. आणि मनात पूर्वग्रह असेल तर तो यादीतही डोकावू शकेल. पण एकाच माणसाच्या लहरीवर सारे वर्ष टांगले जात नाही आणि मागे लेखी पुरावा राहतो, ज्याच्या आधारे दाद मागता येते. भारतात ही पद्धत काही महाविद्यालयांतून अंशतः वापरली जाते. मौखिक परीक्षेचे गुण मात्र तिच्या शेजारी सुखाने नांदतात. आमच्या मुलांच्या दृष्टीने हीच खरी क्रांतिकारक अध्यापनसुधारणा होय. माहितीपत्रकात तिचे छायाचित्र नसते, कारण ते काही देखणे निघत नाही.

जे परीक्षेचे, तेच शस्त्रक्रियागृहाचे. मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी हिने २२ मे २०१९ रोजी आपले जीवन संपविले. जळगावकडील तडवी भिल्ल समाजातील ही मुलगी स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र शिकत होती. तिला प्रसूती आणि शस्त्रक्रियांपासून दूर ठेवले जाई, तिच्या जातीवरून तिला टोचून बोलले जाई, अशी तिच्या कुटुंबीयांची तक्रार होती. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर त्याबद्दल खटला दाखल झाला. आम्ही विचारतो की अशा ठिकाणी सिम्युलेटर काय करणार? प्लॅस्टिकच्या गर्भाशयावर शंभर वेळा सराव केलेल्या हातांना खऱ्या टेबलापाशी उभेच राहू दिले नाही, तर तो सराव कोणत्या कामाचा?

शवविच्छेदनाच्या आभासी टेबलाविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते, थोडे विषयांतर झाले तरी. आपल्या देशात मृत शरीराला हात लावणे हे विटाळाचे काम मानले गेले आणि ते आमच्या वाडवडिलांच्या माथी मारले गेले. आजही कित्येक सरकारी रुग्णालयांच्या शवागारात प्रत्यक्ष चिरफाड करणारा परिचर बहुधा आपल्यांतीलच असतो. सही करणारा निराळा. अवयव कोठे आणि कसा असतो हे ज्याच्या बोटांना तीस वर्षे ठाऊक आहे, त्याच्या मुलाला मात्र तेच अवयव काचेच्या टेबलावर बोटाने सरकविण्यासाठी लक्षावधी रुपये मोजावे लागणार. याला प्रगती म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे!

आणि आता थोडे आपल्या स्वतःविषयी, कारण दुसऱ्याला दोष देणे सोपे असते. पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांवर शासनाला आरक्षण लादता येणार नाही असे ठरविले, आणि त्याच निकालात अनिवासी भारतीयांसाठी पंधरा टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास मुभा दिली. पहिल्या भागावर उतारा म्हणून संसदेला घटनादुरुस्ती करावी लागली. खासगी अभिमत विद्यापीठांच्या प्रवेशांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आजही नसतात. दुसरा भाग मात्र आम्हां परदेशस्थांना गोड लागला. ज्या दाराने आपल्या गावाकडील भावाच्या मुलाला हाकलले, त्याच्याच शेजारच्या दाराने आपण डॉलर मोजून आत शिरतो, आणि वर म्हणतो की तेथे सिम्युलेशन लॅब फार छान आहे. आम्ही हे कोणा एका कुटुंबाला उद्देशून म्हणत नाही. आपल्या अपत्याचे भले कोणाला नको असते? पण जयंतीच्या दिवशी व्यासपीठावरून गुणवत्तेच्या ढोंगावर कोरडे ओढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी देणगीचा हप्ता पाठवावयाचा, हे दोन्ही एकाच तोंडाने शोभत नाही.

मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांतून आजही आपली मुले राखीव जागांवर, हक्काने शिकत आहेत. त्यांची अडचण निराळी आहे. बी.डी.एस.च्या विद्यार्थ्याला हँडपीस, दातांचे साचे, मेण कोरण्याची आणि दात भरण्याची हत्यारे स्वतः विकत घ्यावी लागतात. शुल्क माफ होते, हत्यारे माफ होत नाहीत. मजुराची मुलगी वरच्या वर्गातील मुलीची झिजलेली हत्यारे निम्म्या किमतीत घेते, आणि मग तिने केलेले काम ओबडधोबड म्हणून परत केले जाते. २०२० साली टाळेबंदीत वर्ग दूरस्थ झाले तेव्हाही हीच मुले एका मोबाइलवर, तेही संपर्क मिळाला तर, व्याख्याने ऐकत होती.

म्हणून आमची मागणी अशी की, येत्या सर्वसाधारण सभेत शिष्यवृत्तीच्या नेहमीच्या ठरावाऐवजी हत्यारांच्या संचांचा ठराव यावा. निदान दहा संच प्रतिवर्षी घ्यावेत, दुसऱ्या वर्षाच्या प्रारंभी द्यावेत, आणि अंतिम वर्ष संपताच ते पुढच्या मुलीच्या हाती जावेत. त्याच सभेत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला आणि राज्य शासनाला एक निवेदनही संमत करावे: मौखिक परीक्षा चित्रित व्हावी, आणि परीक्षकापुढे विद्यार्थ्याचे नाव नव्हे तर केवळ क्रमांक असावा. मसुदा तयार आहे. ज्यांना तो वाचावयाचा वा दुरुस्त करावयाचा असेल त्यांनी सभेपूर्वीच्या शुक्रवारी वंदनेनंतर थांबावे.