चिठ्ठी गेली, उत्तर कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतील एका वृद्ध शेतकऱ्याचा रक्तदाब फार वाढला, म्हणून गावाजवळच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन त्यांना शहरात मोठ्या दवाखान्यात पाठविले. पाच दिवसांनी आजोबा परत आले. बरोबर इंग्रजीतले डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची पिशवी. पिशवीत रक्तदाबाची नवी गोळी होती. जुनी घरी होतीच. नाव वेगळे, वेष्टन वेगळे, तेव्हा औषधही वेगळेच असणार, असे समजून घरच्यांनी दोन्ही गोळ्या चालू ठेवल्या. वास्तविक दोन्हींत औषध एकच होते, ॲम्लोडिपिन. आठव्या दिवशी आजोबा गोठ्यात चक्कर येऊन पडले. खोक पडली, त्यावर निभावले.

कार्ड घेऊन घरचे माझ्याकडे आले. मास्तरांना इंग्रजी येते, हा गावाचा विश्वास! मला ते अक्षर लागले नाही. शेवटी औषध दुकानदाराने उलगडा केला. ज्या डॉक्टरांनी मुळात चिठ्ठी दिली होती, त्यांना तर आपला रुग्ण परत आल्याचेही ठाऊक नव्हते.

हा नशिबाचा दोष मानून गप्प बसण्याचे कारण नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटले आहे, की रुग्ण तज्ज्ञाकडे पाठविताना त्याच्या आजाराचा सारांश सोबत द्यावा आणि तज्ज्ञाने आपले मत पाठविणाऱ्या डॉक्टरला लेखी कळवावे. औषधे मूळ नावाने, वाचता येईल अशा अक्षरात लिहावीत, ही 2016 ची दुरुस्ती आहे. म्हणजे चिठ्ठीला उत्तर देणे ही मेहेरबानी नसून कर्तव्य आहे. व्यवहारात चिठ्ठी जाते, उत्तर येत नाही. रुग्णच टपाल आणि रुग्णच पोस्टमन, आणि या पोस्टमनला पत्र वाचता येत नाही.

आपल्या भागात तर ही वाट आणखी वाकडी आहे. निपाणीकडचा माणूस कोल्हापूर गाठतो. जांबोटी-कणकुंबीकडचा चोर्ला घाट उतरून गोव्यात बांबोळीला जातो. बाकीचे बेळगावात. दवाखाना बदलला की अनेकदा राज्य बदलते, छापील कागदाची भाषा बदलते. गरोदर बाईला कर्नाटकात 'तायी कार्ड' मिळते. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्या बायका मात्र 'ताईचं कार्ड' म्हणतात, आणि त्यात मला गोडवाच वाटतो. पण पहिल्या बाळंतपणाला मुलगी चंदगडकडे माहेरी गेली, की ते कन्नड कार्ड तिथल्या नर्सबाईंना वाचता येईलच असे नाही. उलट महाराष्ट्रातून मराठी कार्ड घेऊन इकडे आलेल्या मुलीचीही तीच गत. आमचे भांडण कन्नडशी नाही. नर्सबाई कन्नड असो वा मराठी, तिला या बाईचे रक्त किती, इंजेक्शन कोणते झाले, हे कळले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजना 865 सीमाभागातील गावांना लागू करण्याचे महाराष्ट्राने 2023 मध्ये ठरविले, तेव्हा दोन्ही राज्यांत केवढे रण माजले! पैसा कोणाचा यावर सारे बोलले. पलीकडे उपचार घेऊन आलेल्या रुग्णाचा कागद अलीकडच्या डॉक्टरपर्यंत कसा पोचावा, हे कोणी विचारले नाही. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत आजोबांनी दोन-दोन गोळ्या घ्यायच्या काय?

आमच्या समितीची मागणी फार खर्चाची नाही. पाठविण्याच्या चिठ्ठीलाच उत्तराचा अर्धा भाग जोडावा; तो भरून दिल्याखेरीज रुग्णाला घरी सोडू नये. डॉक्टरांसाठी मजकूर इंग्रजीत असो. रुग्णासाठी मात्र खाली चार ओळी त्याच्या भाषेत हव्यात: कोणती जुनी औषधे बंद, कोणती नवी सुरू, पुन्हा केव्हा यायचे, कोणते लक्षण दिसताच धावायचे. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व जुनेच आहे. औषधाच्या सूचनेहून महत्त्वाची सूचना कोणती?

तोवर वाचकहो, काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. मोठ्या दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. निघण्यापूर्वी जुन्या औषधांचे काय करायचे ते विचारा आणि घरातील शिकलेल्या मुलाकडून मराठीत लिहून घ्या. कागद मिळाले नाहीत तर मागा. मागितल्यापासून 72 तासांत ते देणे बंधनकारक आहे. परत आल्यावर ज्यांनी पाठविले त्या डॉक्टरांना आणि गावच्या आशाताईंना कार्ड दाखवा.

उत्तराच्या चिठ्ठीच्या मागणीचा अर्ज समितीने मराठीत तयार केला आहे. गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते, असे घटनेचे कलम 350 सांगते. ज्यांच्या घरी असा प्रकार घडला असेल, त्यांनी येत्या रविवारी कार्डाची झेरॉक्स घेऊन सकाळी शाळेत यावे. अर्जाला ती जोडायची आहे.