फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर?
पालक, शिक्षक, डॉक्टर आणि शासन यांना कळकळीचं आवाहन

अपस्मार असलेल्या मुलाला फिट येते, तेव्हा शेजारी डॉक्टर नसतो. असते आई, आजी, वर्गशिक्षिका, शाळेच्या रिक्षाचे काका किंवा बाकावरचा मित्र. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि मूल थकून झोपी जातं. पण पाच मिनिटं उलटली तरी झटके चालूच राहिले, तर ते आपणहून थांबण्याची आशा भराभर कमी होत जाते. सगळं अंग आखडून झटके देणारी फिट अर्धा तास चालली, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. म्हणूनच अपस्मारावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2015मध्ये स्पष्ट सांगितलं, की अशी फिट पाच मिनिटांपुढे गेली की ती आणीबाणी समजावी आणि उपचार लगेच सुरू करावेत.

लगेच म्हणजे मूल असेल तिथेच: घरात, वर्गात, एसटीत, शेतात. रुग्णालय गाठेपर्यंत ही पाच मिनिटं केव्हाच संपलेली असतात. फिट थांबवणारं तातडीचं औषध मुलाच्या जवळ असलं पाहिजे, जवळच्या माणसाला ते देता आलं पाहिजे, आणि ते औषध मुलांवर नीट तपासलेलं असलं पाहिजे. यातली एकही गोष्ट आज आपण गृहीत धरू शकत नाही. हे आवाहन त्यासाठी आहे.

उशीर इतका महाग का पडतो, ते समजून घ्या. मेंदूतल्या पेशींना शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं. पेशींच्या पृष्ठभागावर त्याला स्वीकारणारे ग्राहक असतात. डायझेपाम आणि मिडाझोलाम ही औषधं याच ग्राहकांच्या मदतीने काम करतात. फिट लांबत गेली की हे ग्राहक पृष्ठभागावरून पेशीच्या आत ओढले जाऊ लागतात आणि औषधाला काम करायला जागाच उरत नाही. सुरुवातीला जी मात्रा पुरली असती, ती नंतर अपुरी पडते. अमेरिकेतल्या बालरुग्णालयांनी एकत्र येऊन केलेल्या आणि 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषधांना दाद न देणाऱ्या प्रदीर्घ फिट आलेल्या मुलांची माहिती तपासली गेली. पहिलं औषध मिळायला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागलेल्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं.

औषध आहे. पूर्वी ते गुदद्वारातून द्यावं लागे. अमेरिकेत डायझेपामच्या अशा जेलला 1997मध्ये परवानगी मिळाली आणि घरच्या घरी उपचार करणं प्रथमच सोपं झालं. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला भर वर्गात, चारचौघांसमोर असं औषध कोण देणार? शिक्षक कचरतात आणि मुलं मोठी होतात तशी त्यांनाही ते नकोसं होतं. मग गालाच्या आतल्या बाजूला सोडायचं आणि नाकात फवारायचं मिडाझोलाम आलं. इंग्लंडमधल्या रुग्णालयांत झालेल्या आणि 2005मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गालात दिलेल्या मिडाझोलामने 56 टक्के वेळा अपेक्षित परिणाम साधला, गुदद्वारातून दिलेल्या डायझेपामने 27 टक्के वेळा. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 2006मध्ये नाकातल्या मिडाझोलामचा आपल्याकडच्या मुलांवरचा अनुभव मांडला. शिरेतून दिलेलं औषध लवकर भिनतं हे खरं. पण झटके देणाऱ्या लहानग्याची शीर सापडून सुई लागेपर्यंत जो वेळ जातो, तो मोजला की नाकातला फवारा पुढे निघतो. इस्रायलमधल्या चाचणीत 2000मध्ये हे दिसलं, मुंबईतल्या बालरोगतज्ज्ञांनी 2013मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीतही तेच दिसलं.

यातली प्रत्येक गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे, कारण कुणाच्या तरी आईवडिलांनी आपलं मूल चाचणीत सहभागी होऊ दिलं.

मुलांवर वेगळी चाचणी कशाला, मोठ्यांची मात्रा वजनाप्रमाणे कमी केली की झालं, असं अनेकांना वाटतं. मोठ्यांचा सदरा कापून मुलाला बेतता येतो, औषध तसं बेतता येत नाही. डायझेपामचंच पाहा. अमेरिकेत मान्य झालेल्या त्याच्या नाकातल्या फवाऱ्याची मात्रा बारा वर्षांपुढच्यांना दर किलो वजनामागे 0.2 मिलीग्रॅम आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना 0.3, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना 0.5. म्हणजे लहान मुलाला किलोमागे मोठ्या माणसाच्या अडीचपट औषध लागतं. मोठ्यांच्या हिशोबाने दिलं असतं, तर ते त्या मुलाला अपुरं पडलं असतं. (हे आकडे समजण्यापुरते आहेत. आपल्या मुलाची मात्रा फक्त त्याच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.) उलट मात्रा जास्त झाली तर हीच औषधं श्वास मंदावतात. कमी पडणं आणि जास्त होणं यांच्यामधली योग्य मात्रा मुलांवरच्या काळजीपूर्वक चाचणीतूनच सापडते.

आणि ती सापडायला फार वेळ लागतो. अमेरिकेत मिडाझोलामच्या नाकातल्या फवाऱ्याला 2019मध्ये परवानगी मिळाली, ती बारा वर्षांपुढच्यांसाठी. डायझेपामच्या फवाऱ्याला 2020मध्ये मिळाली, सहा वर्षांपुढच्यांसाठी. दोन ते पाच वर्षांच्या मुलांपर्यंत तो पोहोचायला 2025 उजाडलं. दीर्घ फिटचा धोका लहान वयात अधिक असतो, आणि तपासलेलं औषध मात्र त्याच वयाला सर्वांत शेवटी मिळतं. युरोपने 2007पासून मुलांच्या औषधांसाठी स्वतंत्र कायदा लागू केला. केवळ मुलांच्या वापरासाठी औषध विकसित करणाऱ्याला त्यात वेगळा परवाना मिळतो. असा पहिलाच परवाना 2011मध्ये गालात सोडायच्या मिडाझोलामला मिळाला. वयानुसार मात्रा आधीच भरलेल्या छोट्या पिचकाऱ्या तिथल्या पालकांच्या हाती आल्या. सरकारने मनावर घेतलं की काय होतं, ते यातून दिसतं.

आपल्याकडे मिडाझोलामचा नाकातला फवारा मिळतो. पण बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. एकीत दर फवाऱ्याला 0.5 मिलीग्रॅम औषध येतं, दुसरीत 1.25. डॉक्टरांनी चार मिलीग्रॅम सांगितलं असेल, तर पहिल्या बाटलीचे आठ फवारे होतात, दुसरीचे साधारण तीन. दुकानदाराने ऐन वेळी दुसरी बाटली दिली आणि घरच्यांनी जुनाच आकडा धरला, तर औषध अर्ध्याहून कमी पडेल किंवा दुपटीहून जास्त होईल. झटके देणाऱ्या मुलाचं डोकं सावरत, थरथरत्या हातांनी आठपर्यंत मोजणाऱ्या आईकडून आपण फार मोठी अपेक्षा करतो आहोत. एकाच दाबात ठरलेली मात्रा देणारं, आपल्या मुलांवर तपासलेलं, खेड्यातल्या घरालाही परवडणारं साधन हवं. ते चाचण्यांशिवाय येणार नाही.

चाचणी म्हटलं की पालकांच्या पोटात गोळा येतो, आणि ती भीती अनाठायी नाही. 2009-10मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आणि गुजरातमध्ये मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं. संसदीय समितीने 2013मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर नियम घट्ट झाले. आज 2019चे नवीन औषधं व वैद्यकीय चाचण्यांचे नियम लागू आहेत. चाचणीला नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत तिची आधी नोंद करणं 2009पासून बंधनकारक आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याचा हक्क आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही विचारला जातो. कधीही, कारण न सांगता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

तातडीच्या औषधाची चांगली चाचणी कशी होते, तेही माहीत असू द्या. संमती फिट चालू असताना घाईने घेतली जात नाही. ती आधी, शांतपणे, सगळे प्रश्न विचारून झाल्यावर घेतली जाते. ज्या चाचणीवर मिडाझोलामच्या फवाऱ्याची अमेरिकेतली परवानगी उभी राहिली, तिच्यात बारा वर्षांपुढच्या रुग्णांना आधी फिट नसताना, देखरेखीखाली औषध देऊन श्वास आणि गुंगी तपासली गेली. ज्यांना ते मानवलं, त्यांनाच घरी वापरायला फवारा दिला. काहींच्या फवाऱ्यात औषध होतं, काहींच्या नव्हतं. पण दहा मिनिटांत फिट थांबली नाही, तर खरं औषध हाताशी होतं. औषध मिळालेल्यांत 53.7 टक्के वेळा उपचार यशस्वी ठरला, न मिळालेल्यांत 34.4 टक्के वेळा. हा फरक मोजला गेला म्हणून तर आज डॉक्टर खात्रीने ते औषध लिहून देऊ शकतात.

आता ज्याने त्याने काय करायचं, ते सांगतो.

पालकहो, पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: माझ्या मुलाला तातडीचं औषध लागेल का? लागणार असेल तर कोणतं, कोणत्या ताकदीच्या बाटलीचे किती फवारे, कितव्या मिनिटाला, आणि त्यानेही फिट थांबली नाही तर काय, हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून घ्या. फवारा कसा भरायचा आणि मारायचा, ते दवाखान्यात हातात धरून शिका. आजी-आजोबांनाही शिकवा. वजन वाढलं की मात्रा पुन्हा विचारा, बाटलीवरची मुदत पाहत राहा. ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि मिळू नयेत. संपायच्या आधी चिठ्ठी घ्या. रोजच्या गोळ्या मात्र चुकवू नका, फवारा त्यांची जागा घेत नाही.

चाचणीबद्दल विचारणा झाली, तर घाबरून लगेच नाही म्हणू नका आणि भिडेखातर हो म्हणू नका. नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि सीटीआरआयचा क्रमांक मागा. धोके कोणते, देखरेख कुणाची, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, ते विचारा. संमतीपत्र घरी नेऊन वाचा. उत्तरं पटली, तर सहभागी व्हा. तुमच्या मुलाच्या नोंदीतून उद्याच्या कितीतरी मुलांची मात्रा ठरणार आहे.

शिक्षकहो आणि मुख्याध्यापकहो, फिट आली की घड्याळ पाहा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूचं टोकदार सामान दूर करा, गळ्याजवळचं बटण सैल करा. तोंडात चमचा, रुमाल, बोट काहीही घालू नका. पाणी पाजू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात एक सेकंदही घालवू नका. पाच मिनिटं झाली, फिट पाठोपाठ येऊ लागल्या, श्वासाला त्रास दिसला, मार लागला किंवा मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली असेल, तर 108ला फोन करा. पालकांनी औषध आणि डॉक्टरांचा कागद दिला असेल, तर त्याप्रमाणे औषध द्या. ते औषध कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात ठेवू नका; जबाबदार माणसाच्या हाती, एका मिनिटात मिळेल असं ठेवा.

डॉक्टरहो, पाच मिनिटं जास्तीची द्या आणि तातडीचं औषध देण्याची पद्धत प्रत्यक्ष दाखवा. ग्रामीण रुग्णालयांतल्या मुलांनाही चाचण्यांत जागा द्या. मोठ्या शहरांतल्या मुलांवरच तपासलेल्या औषधाने प्रश्न सुटत नाही.

शासनाला आणि औषध कंपन्यांना विनंती आहे: मुलांसाठी एकाच दाबाची, ठळक मराठी सूचना असलेली मात्रा तयार करा, तिची मुलांवर योग्य चाचणी घ्या आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवा. आशाताई, अंगणवाडीसेविका आणि शाळेतले शिक्षक यांच्या प्रशिक्षणात हा विषय आणा. गालात सोडायचं मिडाझोलाम जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्या खेड्यातल्या मुलालाही ते वेळेवर मिळायला हवं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही एक मागणं आहे. अपस्मार हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नव्हे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की योग्य उपचार मिळाले तर सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात. ज्या घरात आजार लपवावा लागतो, त्या घरातलं औषधही लपलेलं राहतं, आणि गरजेच्या वेळी ते कुणाला सापडत नाही. म्हणून या आजाराबद्दल उघड बोला.

तुमच्या घरात, वर्गात किंवा वाडीत अपस्मार असलेलं मूल असेल, तर हे वाचून झाल्यावर आजच त्याच्या आईवडिलांना एवढंच विचारा: फिट थांबवायचं औषध कुठे ठेवलं आहे, आणि ते द्यायचं कसं?