लूट आणि लुटणें

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या स्त्रिया "यंदां काय लुटलेंत?" असें एकमेकींस विचारितात, तेव्हां त्या प्रश्नानें कोणीही दचकत नाहीं. डब्या, फण्या, वाट्या, जें लुटावयाचें तें यजमानीणबाईच आपल्या हातानें देत असतात. दसऱ्यास आपण सोनें लुटतों, बोरन्हाणांत मुलें बोरें लुटतात. आणि घरावर दरोडा पडला म्हणजे पोलिसांपुढेंही हाच शब्द उच्चारावा लागतो! दान आणि दरोडा, दोहोंस एकच शब्द कसा, याचें आम्हांस फार दिवस नवल वाटे.

शब्दाचें कूळ जुनें आहे. संस्कृतांत 'लुण्ट्', 'लुण्ठ्' हे धातु हिरावून घेणें या अर्थीं आहेत; त्यांच्याच कुळांतील आपलें लुटणें, लूट आणि लुटारू. कंपनी सरकारच्या अमदानींत गोऱ्या लोकांनीं हिंदींतील 'लूट' उचलला. १७८८ सालच्या एका इंग्रजी शब्दसंग्रहांत तो नोंदलेला आहे. पुढें छावणींतला हा शब्द इंग्रजी कोशांत सन्मानानें जाऊन बसला. मात्र तिकडे गेला तो अर्धाच अर्थ, घेण्याचा. देण्याचा अर्धा आपल्या माजघरांतच राहिला.

या दोन अर्थांतील भेद आम्हांस उमगला तो कोशांत नव्हे, मुळशीस. गेल्या श्रावणांत आम्ही सहकुटुंब तिकडे गेलों होतों. पौड मागें टाकल्यावर धरणाचें विस्तीर्ण पाणी दिसतांच मुलें हरखून गेलीं. काठावर गुरें राखणारा एक वृद्ध म्हणाला, "ह्या पान्याखाली आमचं गाव हाय. आमच्या आज्याला लुटलं."

"मोबदला मिळाला असेल ना?" आम्ही विचारिलें.

"मिळाला की. पर द्यायचं का न्हाई, हे इचारलं कुनी?"

टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीच्या या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पुढें सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले. १९२४ च्या अखेरीस लढा मावळला. मोबदल्यावर समाधान मानण्याकडे पुण्यांतील अनेक सावकार-जमीनदारांचा कल होता, हें आपल्यासारख्या घरांनीं विसरूं नये. कसणाऱ्याचें मात्र घरदार गेलें. सरकारी भाषेंत या क्रियेस 'भूसंपादन' असें भारदस्त नांव आहे. ज्या १८९४ च्या कायद्यान्वयें हें घडलें, तो १ जानेवारी २०१४ पासून गेला. त्याच्या जागीं आलेल्या केंद्राच्या कायद्यांत खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमति सांगितली आहे. म्हाताऱ्याच्या प्रश्नास उत्तर मिळावयास नव्वदांहून अधिक वर्षें लागलीं!

तेव्हां देणाऱ्याची खुषी असेल तर तें वाण, नसेल तर ती लूट. मग हातावर पैसे ठेविलेले असोत वा नसोत. एकत्र कुटुंबांत धाकट्या जावेचा दागिना किंवा विधवा आत्याबाईंचा वाटा "घरचाच तो" म्हणून उचलतांना हा म्हाताऱ्याचा प्रश्न आपणही स्वतःस विचारावा. येत्या संक्रांतीस वाण लुटतांना मुलाबाळांस एवढें अवश्य सांगा.