पुन्हा एकदा ऐकू या

अभिरुची ही जन्माबरोबर मिळत नाही, ती घडवावी लागते, असे आपण वर्गात शिकतो. व्यवहारात मात्र नेमके उलट वागतो. मोबाईलवर एखादे गाणे लागते, पंधरा-वीस सेकंदांत कान कंटाळतो आणि अंगठा पुढे सरकतो. निकाल लागला! अशा झटपट निकालाने कलाकृतीवर अन्याय होतोच, पण ऐकणाऱ्याचे नुकसान त्याहून मोठे असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एका तबकडीच्या आधारे ते येथे मांडतो.

१ मे १९८१ रोजी आपला जालना जिल्हा अस्तित्वात आला. पुढच्याच वर्षी मुंबईत चरणजितसिंग यांनी एक ध्वनिमुद्रिका तयार केली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि निरनिराळी विद्युत वाद्ये वाजवणारे हे कलावंत. ज्यांचे वाजवणे घरोघर पोचते पण नाव पोचत नाही, अशांपैकी एक. त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे घेतली : सूर काढणारा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, खर्जातले स्वर काढणारे टीबी-३०३ आणि ठेका धरणारे टीआर-८०८. त्यांवर ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. नाव ठेवले 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ती तबकडी बाजारात आली आणि विस्मरणात गेली.

पहिल्यांदा ऐकताना ती कानाला टोचते, हे खरेच आहे. आपला कान तबल्यावर वाढलेला. ठेक्यात सम असते, खाली असते. समेवर येण्याची ओढ असते आणि आल्यावर मान आपोआप डोलते. येथे मात्र चारही ठोके सारख्याच वजनाचे. खाली नाही, समेची वाट पाहणे नाही, लय वाढणे नाही. शिवाय पहाटेचा ललत आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच तबकडीवर, एकाच चकचकीत आवाजात. रागाचा हा खेळखंडोबा आहे, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

पण चौथ्या-पाचव्या वेळी काही निराळे घडू लागते. समेची वाट पाहणे कान सोडून देतो आणि मोकळे झालेले लक्ष स्वरांकडे वळते. मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीत, भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, हे पुस्तकात पाठ केलेले असते. येथे ते उघडेवाघडे ऐकू येते, कारण मागचा ठोका जराही हलत नाही. खर्जातला स्वर एकावरून दुसऱ्यावर घसरत जातो, तेव्हा ती घसरण आपल्या मींडेची दूरची नातलग वाटू लागते. आणि लोखंडाच्या सळ्या ओढणाऱ्या या गावाला यंत्राचा ठोका तरी परका का वाटावा?

याचा अर्थ तबकडी निर्दोष आहे असा नाही. जेमतेम पाच मिनिटांत रागाची बढत होत नाही, ती येथेही झालेली नाही. मात्र जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला तर तीनच मिनिटे मिळत. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी जे साधले, त्यावर कितीतरी रसिकांचे कान तयार झाले. वेळ थोडा म्हणून कला थोडी, हा हिशेब नेहमीच जुळत नाही.

पुढची हकीकत गमतीची आहे. टीबी-३०३ हे यंत्र बाजारात चालले नाही. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले, आणि शिकागोच्या तरुणांनी त्यातूनच १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली. तिच्यावरून 'अ‍ॅसिड हाऊस' हा संगीतप्रकार ओळखला जाऊ लागला. पुढे नेदरलँड्समधल्या एका संग्राहकाच्या हाती चरणजितसिंगांची तबकडी पडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि ऐकणारे चकित झाले : हे तर पाच वर्षे आधीच मुंबईत वाजले होते! म्हातारपणी चरणजितसिंगांना परदेशांतून वादनाची निमंत्रणे आली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. असे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेतल्या 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'ची १९६७ ची पहिली तबकडी फारशी खपली नव्हती; पुढे 'पंक' संगीत करणाऱ्यांनी तिलाच आपली पूर्वज मानले.

येथे एक धोका मात्र सांगितला पाहिजे. परदेशात वाहवा झाली म्हणून आता आपणही वाहवा करायची, हे तर पहिल्या झटपट निकालाहून वाईट. तेव्हा निदान कान आपले होते! पहिल्याच दमात टाकून देणे आणि दुसऱ्याने शिक्का मारला म्हणून उचलून घेणे, या दोन्हींत ऐकण्याचे कष्ट तेवढे चुकवलेले असतात. परीक्षेत गाईडमधले रसग्रहण उतरवून काढणारा विद्यार्थी हेच करतो. कविता त्याला आवडली की नाही, हे त्याचे त्यालाही कळत नाही. दहा वेळा ऐकून 'मला हे रुचले नाही, कारण अमुक' असे जो सांगू शकतो, तो खरा रसिक होय.

जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना काय चांगले आणि काय वाईट हे नेहमीच दुसरीकडून कळवले जाते : कधी मुंबई-पुण्याहून, कधी परदेशातून, आता तर मोबाईलमधून. यातून सुटायला पैसा लागत नाही, सवड लागते. बियाण्यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या जालन्याला हे वेगळे सांगायला नको. पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तेव्हा मित्रहो, या वर्षी न आवडलेले एक गाणे, एक कविता किंवा एक पुस्तक बाजूला काढून ठेवा, आणि परीक्षा संपल्यावर त्याच्याकडे पुन्हा एकदा जा. मग जे मत होईल ते तुमचे स्वतःचे असेल.