‘स्किन कलर’ म्हणजे कुणाची कातडी?

ब्रा, स्लिप, लेगिंग विकणाऱ्या कुठल्याही दुकानात जाऊन ‘स्किन कलर दाखवा’ म्हणा. दुकानदार गुलाबीकडे झुकणारा फिकट कपडा काढून पुढे टाकतो. समोरची बाई गव्हाळ असो, सावळी असो की काळी, ‘स्किन’ एकच! आपल्यापैकी फार थोड्याजणींच्या अंगाशी तो रंग जुळतो. तरीही आपण सगळ्याजणी तो याच नावाने मागतो.

पाश्चात्त्य फॅशनच्या धंद्यात ‘न्यूड’ म्हणजे गोऱ्या बाईच्या अंगाचा रंग, हे इतके गृहीत होते की मेरियम-वेब्स्टरच्या शब्दकोशातही तसाच अर्थ दिलेला होता. लोकांनी पत्रे लिहिल्यावर २०१५ साली तो बदलला. क्रेयोला कंपनीने आपल्या रंगखडूचे ‘फ्लेश’ हे नाव १९६२ मध्येच काढून ‘पीच’ केले होते. लंडनच्या फ्रीड कंपनीने बॅलेचे तपकिरी बूट काढायला मात्र २०१८ उजाडले. तोवर कृष्णवर्णीय नर्तिका गुलाबी बुटांना मेकअप फासून ते आपल्या रंगाचे करून घेत.

तिथे त्या अल्पसंख्य होत्या. इथे तर आपणच बहुसंख्य आहोत, मग हे नाव इतके सहज कसे रुजले? गोरेपणाची आणि त्याला चिकटलेल्या जातीच्या प्रतिष्ठेची आपली ओढ त्याआधीपासूनची आहे, म्हणून.

मी वस्तीतल्या मुलींच्या गटाबरोबर काम करते. स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी एका शाळेने मुलींना ‘स्किन’ लेगिंग आणायला सांगितले. सातवीतल्या एका मुलीने ती घातली, तर पाय एका रंगाचे आणि हात दुसऱ्या. मैत्रिणी हसल्या. मग कुणीतरी तिच्या हातांना पावडर चोपडली. लेगिंग चुकीची आहे, हे कुणाच्या मनातही आले नाही. चुकीचे ठरले ते पोरीचे हात.

नावात काय आहे, असे म्हणणारे भेटतील. नुसत्या नावाने भागत नाही, हे खरेच. ‘फेअर अँड लव्हली’तला ‘फेअर’ २०२० मध्ये जाऊन ‘ग्लो’ आला, म्हणून वधूपरीक्षेतला पहिला प्रश्न बदलला नाही. शिवाय गडद छटांना ‘चॉकलेट’, ‘कॅरेमल’ म्हणण्याची नवी टूम मला तरी रुचत नाही. आमची कातडी म्हणजे काय चाखायची वस्तू आहे?

साडीच्या दुकानात आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, अबोली असे कितीतरी रंग आपण मागतो. त्यासाठी कुणाची कातडी मध्ये आणावी लागत नाही. ‘स्किन’लाही फिकट बदामी म्हणता येईल, पण मग त्याच्या शेजारी तपकिरीच्या चार-पाच छटा, त्याच मापात आणि त्याच किमतीत, असल्या पाहिजेत. पुढच्या खेपेला आपला हात काउंटरवर ठेवून ‘या स्किनचा दाखवा’ म्हणून पाहा. विक्रेती मुलगी गोंधळेल. तिच्यावर चिडू नका, तिच्याही अंगाचा रंग त्या खोक्यात नसतो. मालकाला बोलवा आणि तो माल का मागवत नाही, ते त्याला विचारा.