गोळी झाडल्यानंतरचा हिशेब

पोलिसाला माणूस मारण्याचा वेगळा परवाना कायद्याने दिलेला नाही. स्वसंरक्षणाचा जो हक्क तुम्हाआम्हाला आहे, तोच त्याला आहे. अटकेला विरोध झाला तर बळ वापरता येते. पण ज्याच्यावर फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. गोळी नाइलाजाने झाडली की नाही, हे मात्र वर्षानुवर्षे झाडणाऱ्याच्याच जबाबावरून ठरत आले. खरी गफलत इथे आहे.

1995 ते 1997 या काळात मुंबईत 99 चकमकींत सुमारे 135 माणसे मेली. त्यावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 रोजी 16 निर्देश दिले. मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयात दोन डॉक्टरांनी, चित्रीकरणासह करायचे. शस्त्रे तपासणीला द्यायची, दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हायची आणि लगोलग बढती किंवा शौर्यपदक द्यायचे नाही.

बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 2024 रोजी, बदलापूर अत्याचार प्रकरणातील आरोपी तळोजा तुरुंगातून नेताना पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. गुन्हा चिमुरड्या मुलींवरचा होता, संताप रास्त होता. मिठाईही वाटली गेली. पण दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरले. ज्या पिस्तुलातून त्याने गोळीबार केल्याचे सांगितले गेले, त्यावर त्याच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते. आरोपीच्या आईवडिलांनी खटला पुढे न्यायचा नाही असे सांगितल्यावरही उच्च न्यायालयाने सुनावणी थांबवली नाही, आणि एप्रिल 2025 मध्ये तपासाचा आदेश दिला. आरोपीच संपला की मुलींच्या खटल्याचा निकाल कधीच लागत नाही, हे मिठाई वाटणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

लखनभैया प्रकरणात 2006 च्या बनावट चकमकीबद्दल पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना जन्मठेप व्हायला मार्च 2024 उजाडला. मृताचा भाऊ वकील होता, म्हणून ते निभले. प्रत्येक घरात वकील नसतो.

कोल्हापूर परिक्षेत्रात दोन्ही तऱ्हा दिसल्या. जानेवारी 2020 मध्ये किणी टोलनाक्यावर राजस्थानच्या गुंडांशी चकमक झाली. गोळ्या लागूनही ते जिवंत पकडले गेले. पोलीसकाम असे असते, आणि त्याचे कौतुक मोकळेपणाने व्हावे. उलट नोव्हेंबर 2017 मध्ये सांगलीत कोठडीतला तरुण मेला, मृतदेह आंबोलीत जाळला गेला आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा नोंदवावा लागला.

निर्देश पाळले गेले नाहीत तर मृताच्या कुटुंबाला सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. त्यापुढची दाद मागायला या भागातून पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या कुटुंबांना आता तिथेच अर्ज करता येतो.