फुलाचा पाहुणा

वागळे इस्टेटमधील आमच्या गॅलरीत यंदा दुधीचा वेल छान पसरला. रोज सायंकाळी पांढरी फुले उमलत, मादीफुलांखाली बोटाएवढ्या दुध्या दिसत आणि चार दिवसांत पिवळ्या पडून गळत. खतपाणी व्यवस्थित होते; उणीव होती ती परागकण आणणाऱ्या पाहुण्याची. दुधीची नरफुले व मादीफुले वेगवेगळी असतात. त्यांच्यात रात्री ये-जा करणारे पतंग आमच्या मजल्यापर्यंत येतच नव्हते. अखेर नरफूल खुडून त्याचे केसर मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवले, तेव्हा कोठे फळ धरले.

घरच्या वेलाला आपला हात पुरतो; सह्याद्रीतील दुर्मीळ कंदीलपुष्पाला मात्र माशीच लागते. त्याच्या नळीसारख्या फुलात गंधाने ओढलेली चिमुकली माशी शिरते. आतील केस खाली वळलेले असल्याने तिला माघारी फिरता येत नाही. या कैदेत परागकणांची पुडी तिच्या अंगाला अडकते. काही काळाने केस सुकतात, माशी सुटते आणि ती पुडी पुढच्या फुलात पोहोचवते. जिला आपण हाकलतो, तिच्यावाचून या फुलाला शेंग धरत नाही.

कंदीलपुष्पाच्या काही जाती महाराष्ट्राबाहेर कोठेही आढळत नाहीत. हरिश्चंद्रगडावरील 'सेरोपेजिया लॉई' ही त्यांपैकी एक. खाण्यासाठी कंद उकरले जातात, चराई आणि वणवेही रोपांच्या मुळावर येतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जाती वाढवून जपल्या, हे कार्य मोलाचे आहे. तथापि उद्यानातील रोप हा जपून ठेवलेला ठेवा होय. डोंगरावर त्याची पिढी पुढे चालायची, तर रोपाबरोबर त्याची माशीही टिकली पाहिजे.

येऊरचे रान तर आपल्या शेजारीच आहे. म्हणून एवढे पथ्य पाळावे : फुललेल्या झाडावर कीटकनाशक फवारू नये; डासांसाठी कुंड्यांखालील साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून द्यावे. तुळशीच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नयेत, काही मधमाश्यांसाठी राखाव्यात. आणि पावसाळ्यात डोंगरावर अनोळखी फूल दिसले, तर मुलांना ते दाखवावे. उपटून मात्र घरी आणू नये. त्याचा पाहुणा कदाचित वाटेवर असेल.